जुळलेला बैल

बैल घ्यायचा तर आधी त्याचं तोंड उघडायचं, हे मला वडलांनी शिकवलं. दुधाचे दात असले की आदत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही दात पुरे झाले की जुळला. एकदा जुळला की वय सांगणं अवघड. मग दात किती झिजलेत ते बघायचं, चार पावलं चालवून बघायचं, आणि उरलेलं विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ओळखायचं.

मागच्या दिवाळीनंतर नातीला घेऊन तालुक्याला लॅपटॉप बघायला गेलो, तेव्हा हे सगळं आठवलं. नात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हिशेबाचं काम मोबाईलवर होत नाही म्हणाली. नवा घ्यायचा तर चाळीस हजारांच्या घरात जातो, आणि डाळिंबावर तेल्या पडलेला. म्हणून जुना बघायचा ठरलं. दुकानात पुण्याच्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप रांगेनं मांडले होते, दावणीला जनावरं बांधावीत तसे. किंमत चौदा हजार.

मी दुकानदाराला विचारलं, "ह्यात काय खोड-बीड?"

तो हसला आणि म्हणाला, "काका, चालवून बघा की!"

ह्या चार शब्दांनी मला चटका बसला. त्याला कारण आहे, ते पुढं सांगतो.

नातीनं चालवून बघितला. सुरू झाला, टाईप झालं, आवाज आला. मग तिनं कुठं तरी आत जाऊन दोन-तीन ठिकाणी बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "आबा, ह्यात विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीनं त्याची देखभाल थांबवली. विंडोज ११ ह्यावर नीट बसत नाही, त्याला आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो, हा सहाव्या पिढीचा आहे."

म्हटलं, यंत्र तर चालतंय. कंपनीनं म्हातारं ठरवलं म्हणून ते म्हातारं कसं झालं? बैल म्हातारा कधी झाला ते बैल सांगतो, ज्याच्या गोठ्यात जन्मला तो मालक नाही. दहा वर्षांचं धडधाकट यंत्र लांब कुणी तरी तारीख लिहिली म्हणून मोडीत काढायचं, हे मला पटेना. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

नात म्हणाली, "म्हातारं नाही हो, त्याची लस बंद झाली."

हे मात्र लगेच कळलं. आमच्याकडं लाळ्या-खुरकताची लस वर्षातनं दोनदा टोचतात. न टोचलेलं जनावर उद्याच मरतं असं नाही. चरतं, ओढतं, दूध देतं. पण साथ आली की आधी ते धरतं, आणि शेजारच्या दावणीलाही देतं. कॉम्प्युटरचंही तसंच. त्यात नवी नवी भोकं सापडत राहतात, आणि बनवणारा ती बुजवत राहतो. नातीनं सांगितलं, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाची साथ आली होती. भोक बुजवायचं औषध मार्चमध्येच निघालं होतं, पण ज्यांनी ते घातलं नव्हतं त्या यंत्रांत ती शिरली. इंग्लंडातल्या दवाखान्यांची कामं अडली. म्हणजे माझं यंत्र, माझं मी बघीन, असं म्हणायची सोय नाही. विंडोज १० ला नाव नोंदवून आणखी वर्षभर, ऑक्टोबर २०२६ पर्यंत लस मिळणार होती. पण विंडोज काढून लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घालता येते, तिची लस चालू असते, आणि तिचं काम त्यावर भागेल असंही ती म्हणाली.

मी दुकानदारापुढं हे सगळं मांडलं. त्यानं डोळ्यांनी मला कोपऱ्यात बोलावलं. "तुम्हाला साडेअकराला देतो. पण मोठ्यानं बोलू नका, गिऱ्हाईक हाय."

गिऱ्हाईक होतं खरंच. धोतर नेसलेला एक बाप आणि त्याचं बारावीतलं पोरगं. त्याच रांगेतला लॅपटॉप बघत होते. किंमत चौदा हजार.

आता ते कारण सांगतो. १९८६ साली मी सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात पवळ्या विकला. खिलार, दिसायला देखणा, पण काळ्या रानात भर ओढीला आला की मटकन बसायचा. मारा, शेपूट पिरगाळा, उठायचा नाही. बाजारात माणदेशाकडचा एक गडी आला, बरोबर आठ-दहा वर्षांचं पोरगं. त्यानं विचारलं, "खोड काय?" मी म्हणालो, "चालवून बघा की." बाजाराची जमीन कोरडी, सपाट. पवळ्या नवरदेवासारखा चालला. उपरण्याखाली बोटं धरली, अडीच हजाराला सौदा झाला. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. पोरानं कासरा हातात घेतला आणि बैलाच्या कपाळावरनं हात फिरवला, तो हात मला चाळीस वर्षं दिसतोय.

त्या दिवशी माझ्या गावचे दोघं तिथंच उभे होते. त्यांना पवळ्या माहीत होता. पण दुसऱ्याच्या सौद्यात बोलू नये, ही बाजाराची रीत. मला तेव्हा ती रीत फार चांगली वाटली होती.

दुकानात मी तसाच उभा राहिलो. अडीच हजार वाचले होते, आणि ते कशाचे ते मला कळत होतं. त्यात दुकानदार वाईट माणूस नव्हता. भाडं, पोराबाळांचा खर्च त्यालाही असणार. शेवटी मी त्या पोराला विचारलं, जरा मोठ्यानंच, "बाळ, ह्यात विंडोज कितवं हाय? आमच्या नातीचं म्हणणं, दहाची देखभाल बंद झालीय." दुकानदारानं माझ्याकडं असं बघितलं की साडेअकरा गेले असंच मी धरलं.

नातीनं त्या बापाला सगळं नीट सांगितलं, लिनक्ससुद्धा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोराला चालंल न्हवं? मग द्या." घासाघीस करून त्यानं बारा हजाराला घेतला. आमचाही बाराला झाला. पाचशे रुपये मला पडले.

परत येताना एसटीत माझ्या मनात एकच घोळत होतं. त्या माणसानं सगळं ऐकून तेच घेतलं. पवळ्याची खोड सांगितली असती तर तो गडीही कदाचित घेऊनच गेला असता. दोन हजाराला मागितला असता, हलक्या रानात नांगराला नाही तर कुळवाला धरला असता, भर ओढीला घातलाच नसता. पाचशेचं एवढं नाही. ठरवायचं त्याच्या हातात होतं, ते मी काढून घेतलं. भर पेरणीत बैल बसला असेल तेव्हा त्या पोरानं काय केलं असेल, ह्याचा विचार मी मुद्दाम फार पुढं नेत नाही.

नातीनं त्यावर लिनक्स घातलं. पहिले दोन दिवस प्रिंटर जोडेना म्हणून चिडली होती, मग जोडला. बँकेचं काम त्यावर करायचं का, हे तिचं अजून ठरत नाही. मी तिला आग्रह करत नाही.

परवा तिनं वहीचा कागद कापला आणि लॅपटॉपच्या तळाला चिकटवायला घेतला. उद्या विकायचा झाला तर घेणाऱ्याला कळावं म्हणून. लिहिलं होतं, "विंडोज काढून लिनक्स घातलं आहे. बॅटरी दीड तास."

"बिजागरीबी सैल हाय," मी म्हणालो.

"ते पण लिहू?"

"लिही. आणि शिफ्टचं बटन अडकतंय, तेबी लिही."