कर्तेपणाचा जमाखर्च

एखाद्या मोठ्या कंपनीचे वार्षिक अहवाल ओळीने चाळून पाहावेत. नफा झाला त्या वर्षी संचालकांची दूरदृष्टी आणि कर्तबगारी पानोपानी आढळते, आणि तोटा आला त्या वर्षी पाऊस, सरकारी धोरण, बाजारातील मंदी व कामगारांचा असंतोष यांची नावे पुढे केली जातात. जमेच्या बाजूस चालक आणि नावेच्या बाजूस दैव, अशी खतावणी एखाद्या गुमास्त्याने केली असती, तर पेढीच्या मालकाने त्याला त्याच दिवशी बडतर्फ केले असते.

हाताखालच्यांचे न ऐकणे, सर्व अखत्यार आपल्याच मुठीत ठेवणे, वारस तयार न करणे, अशी जी यादी व्यवस्थापनशास्त्राचे पंडित देतात, तीतील चुका मला परस्परांहून स्वतंत्र वाटत नाहीत. 'करणारा मीच' या एकाच भ्रमाला फुटलेल्या त्या शाखा होत. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. कर्त्याला तेथे स्थान आहे, परंतु ते पाचांतील एक. आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत होय, असा निर्वाळाही त्याच ओघात दिलेला आहे. हा निर्वाळा मोक्षार्थी साधकासाठी आहे, कारखानदाराला त्याचे काय, असे म्हणणाऱ्याने हेन्री फोर्डचे चरित्र अवश्य पाहावे.

1908 साली फोर्डने 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आणली आणि श्रीमंतांचे वाहन सामान्य शेतकऱ्याच्या दाराशी नेले, हे त्याचे यश वादातीत आहे. पुढे चार वर्षांनी तो युरोपातून परतला असता, त्याच्या पश्चात सहकाऱ्यांनी तयार केलेला सुधारित नमुना मोठ्या हौसेने त्याच्यापुढे ठेवण्यात आला. तेव्हा फोर्ड त्या गाडीभोवती फेऱ्या घालीत राहिला आणि मग चकार शब्द न काढता त्याने तिचे दार हातांनी उपटून काढले, अशी हकीकत सांगतात. ज्यांच्या हातांनी कारखाना चालत होता त्यांना त्या दिवशी जो धडा मिळाला, तो ते विसरले नाहीत. 1921 साली नूडसेन हा कर्तबगार अधिकारी फोर्डला सोडून गेला आणि प्रतिस्पर्धी शेव्हरोले मोटारीचा सूत्रधार झाला. 1926 साली कान्झलर या दुसऱ्या अधिकाऱ्याने जुन्या मोटारीचे दिवस भरल्याचे सविस्तर टिपण अदबीने लिहून दिले, तेव्हा काही महिन्यांतच त्याला नारळ मिळाला. अखेर 1927 च्या मे महिन्यात, दीड कोटी गाड्या काढून झाल्यावर, 'मॉडेल टी'चे उत्पादन बंद करावेच लागले, आणि नवा नमुना सिद्ध होईपर्यंत सुमारे सहा महिने यंत्रे थंड पडून राहिली.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो क्षुल्लक नाही. कर्ता पाचांतील एकच असेल, तर जबाबदारीही पाचव्या हिश्श्याचीच का मानू नये? माझ्या मते या तत्त्वाचा सर्वांत मोठा दुरुपयोग हाच. पाच कारणांपैकी जाब देऊ शकणारे कारण एकच आहे. माळजमीन, यंत्र किंवा अवर्षण यांना सभेपुढे उभे करता येत नाही. म्हणून श्रेय वाटून द्यावे आणि उत्तरदायित्व मात्र संपूर्ण आपल्या शिरावर घ्यावे, यात विसंगती नसून कर्त्याचे खरे लक्षण आहे.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आरंभी दीर्घकाळ पडून राहिले, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लक्ष्मणरावांनी त्या समजुतीवर खापर फोडून कारखाना गुंडाळला नाही. पुढे बेळगावातील जागा सोडण्याची पाळी आली, आणि 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. दैव आणि अधिष्ठान ही दोन्ही कारणे येथे इतकी उघड दिसतात की, एकट्या लक्ष्मणरावांच्या नावावर ती वाडी लिहून टाकणे हा त्यांचा गौरव नव्हे, अन्याय होईल. दसऱ्याला यंत्राला हार घालून हात जोडणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला वर्षातून एकदा तरी 'तुझे काय म्हणणे आहे?' असे विचारणारे मात्र फार थोडे.

उरला प्रश्न निवृत्तीचा. अठराव्या अध्यायाच्या आरंभीच संन्यास आणि त्याग यांचा भेद केलेला आहे, आणि व्यवसायातील वृद्धांनी तो नीट समजून घ्यावा. पद सोडणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे, हे फोर्डच्याच चरित्रात दिसते. 1919 साली फोर्डने अध्यक्षपद आपल्या एडसेल या मुलास दिले, पण निर्णय स्वतःकडेच ठेवले. मुलाने घेतलेले ठराव बाप परभारे फिरवीत असे, आणि हे कामगारांनाही ठाऊक होते. 1943 साली एडसेल वारला, तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावरील फोर्ड पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसला, आणि नातवाच्या हाती कारभार देण्यासाठी 1945 साली घरातील स्त्रियांना त्याच्यावर दडपण आणावे लागले.