पिशवी विसरलेला माणूस

विसरणे हा काही गुन्हा नव्हे, असे आपण सारेच मानतो. परवापर्यंत मीही मानीत होतो.

वडगाव रासाईत भाजी घ्यायला गेलो. वांगी तागडीत पडली आणि आठवले, पिशवी घरीच खुंटीला! “गुरुजी, क्यारीबॅग देऊ?” म्हणत मावशींनी गोणपाटाखालून पातळ पिशवी काढली. आदल्याच दिवशी मी वर्गात प्लॅस्टिकबंदीवर तासभर बोललो होतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी तुंबण्यात या पिशव्यांचाही हात होता. २३ मार्च २०१८ रोजी राज्याने बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला दंड ५,००० रुपये! कायदा योग्यच, पण दंडाची पावती बहुधा विकणाऱ्याच्या हाती पडते. विसरणारा नामानिराळा!

आपले विसरणे दुसरा कुणी निस्तरील, या भरवशावरच आपण विसरतो. पगाराची तारीख मी कधी विसरलो नाही. पुण्याची मुळा-मुठा अखेर आमच्या भीमेलाच मिळते. शहराचे विसरणे ती मुकाट्याने वाहते. आणि मी मात्र शहराला नावे ठेवीत, मावशींना ५,००० रुपयांच्या धोक्यात घालायला निघालो होतो.

मी खिशातला रुमाल पसरला. चार वांगी मावली, दोन उरली.

“उद्या पिशवी आणा, मग न्या,” मावशी हसून म्हणाल्या.

माझा दंड तेवढाच झाला. पण पावती माझ्याच नावे फाटली, याचे बरे वाटले.