ब्रेक घट्ट लागतो तेव्हा



आपल्या चर्चची जुनी डिझेल जीप तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तिचा ब्रेक घट्ट लागू लागला. पाय जरा जोरात दाबावा लागे, पण गाडी थांबत होती. म्हणून मी दुर्लक्ष केले. दोन आठवड्यांत माझा पायच त्याला सरावला.

मग नाशिकच्या बाळ येशूचे दर्शन घेऊन आम्ही कसारा घाट उतरत होतो. मागे आपल्या धर्मग्रामातील चार वृद्ध भगिनी रोझरी म्हणत होत्या. पुढचा ट्रक एकाएकी थांबला. मी शरीराचा सगळा भार पायावर टाकला. जीप ट्रकच्या मागे हातभर अंतरावर थांबली. मागची रोझरी चालूच राहिली. त्यांना काही कळले नाही. मला मात्र कळले. उरलेला घाट पहिल्या गियरमध्ये उतरलो आणि खाली दुसरी गाडी बोलावून त्यांना घरी पाठवले.

मेकॅनिक म्हणाला, "फादर, ब्रेक गेलेला नाही, त्याचा जोर गेलाय." त्याने एक सोपी परीक्षा करून दाखवली. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबले. ते दगडासारखे झाले. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू केले. बूस्टर ठीक असेल तर त्या क्षणी पेडल पायाखाली किंचित खाली जाते. आमचे जागचे हलले नाही. बॉनेट उघडल्यावर बारीक 'स्स' असा आवाज ऐकू आला. बूस्टरकडे जाणाऱ्या रबरी नळीला क्लिपखाली चीर पडली होती. वरून नळी धडधाकट दिसत होती.

हा बूस्टर म्हणजे डब्यासारखे एक भांडे, आणि त्याच्या मध्ये रबरी पडदा. इंजिनवर चालणारा पंप त्यातली हवा काढून घेतो. ब्रेक दाबला की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा आत येते, दुसरी बाजू रितीच असते. आणि ही हवा पडद्याला ढकलून आपल्या पायाला साहाय्य करते. म्हणजे जोर रितेपणाचा नसतो, जोर हवेचा असतो. फ्रान्समध्ये १६४८ साली पास्कल या श्रद्धावंत तत्त्वज्ञाने आपल्या मेहुण्याकरवी पाऱ्याची नळी डोंगरावर नेऊन पाहिली. जसजसे वर जावे तसतसा पारा खाली उतरला. हवेला वजन आहे आणि ती आपल्याला सर्व बाजूंनी दाबते आहे, हे त्यावरून दिसून आले. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. तो सतत आपल्याभोवती आहे. पण आत जागा रिकामी केल्याशिवाय तो आपल्या कामी येत नाही.

बंधुभगिनींनो, देवाची कृपा अशीच आहे. ती दूर कुठे नाही. पण आपण 'मी'पणाने काठोकाठ भरलेले असतो. पौल फिलिप्पैकरांना सांगतो की, प्रभू येशूने आपले देवपण न मिरवता स्वतःला रिते केले. प्रार्थना, उपवास, दानधर्म हे या रितेपणाचेच मार्ग आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंजिन बंद पडले तरी बूस्टरमध्ये एक-दोन ब्रेकपुरता जोर साठलेला असतो. म्हणून डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणाऱ्याला पहिल्या ब्रेकला काही जाणवत नाही. पुढच्या वळणावर मात्र पेडल दगड होते. प्रार्थना सोडलेल्या माणसाचेही असेच होते. काही दिवस जुन्या पुण्याईवर जातात. मग घरात एखादा शब्द जिभेवर येतो, आणि तो थांबवायला जोर उरत नाही.

हे मी तुम्हांला सांगतो, कारण त्याच महिन्यात कामाच्या गडबडीत माझी सायंप्रार्थना आखडत गेली होती. पॅरिश कौन्सिलच्या सभेत मी एका ज्येष्ठ बांधवाला सर्वांसमक्ष नको ते बोललो. जीप दुरुस्त झाली त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी चहा पाजला. नळी बदलायला अर्धा तास लागला होता. त्यांच्या दारापर्यंत जायला मला तीन आठवडे लागले.

हा उपवासकाळ म्हणजे गाडी उभी करून तपासण्याचा काळ. परीक्षा अंगणात करावी, घाटात नव्हे. कोणाशी बोलताना हल्ली जास्त जोर लावावा लागतो? कुठे बारीक 'स्स' ऐकू येते? ती चीर शोधा आणि प्रायश्चित्त संस्काराला या. आपल्या घरच्या गाडीचा ब्रेक घट्ट लागत असेल, तर तीही उद्याच दाखवून घ्या. मागे बसलेली माणसे आपल्या भरवशावर रोझरी म्हणत असतात.

दयाळू प्रभू आपणां सर्वांना रिते करो आणि आपल्या कृपेने भरो. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू