न वाहिलेला वारा

स्लाइडशोमध्ये फोटो हलतो असं आपण म्हणतो. पण फोटो जागच्या जागीच असतो. हलते ती त्याच्यावरून फिरणारी चौकट.

कोडमध्ये हे अगदी साधं आहे. फोटोवर दोन आयत ठरवायचे, एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा. पाच सेकंदांचा तुकडा, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण १२५ फ्रेम. पहिल्या आयतापासून दुसऱ्यापर्यंत जाताना दर फ्रेमला चौकट किंचित सरकवायची, तिच्यातला भाग कापायचा आणि स्क्रीनभर मोठा करायचा. जास्वंदीच्या पुंकेसरापासून सुरुवात करून सावकाश मागे आलं की फूल उमलल्यासारखं वाटतं. फूल तेवढंच असतं, मागे आलेलो असतो आपण.

या युक्तीला आज ‘केन बर्न्स इफेक्ट’ म्हणतात. अमेरिकन यादवी युद्धावरच्या १९९०च्या माहितीपट मालिकेत केन बर्न्सने ती इतकी वापरली की त्याचं नाव तिला चिकटलं. २००३मध्ये अ‍ॅपलने ते नाव आयमूव्हीत घातलं आणि लग्न-मुंजीच्या व्हिडिओंपर्यंत ते पोचलं. युक्ती मात्र जुनी आहे. कॅनडाच्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या १९५७च्या लघुपटात सोन्याच्या शोधात डॉसन सिटीला आलेल्या माणसांचे जुने स्थिर फोटो असेच कॅमेऱ्याने चाळले होते.

आता मात्र फोनवर एक वेगळं बटण आलंय. एक स्थिर फोटो द्या, अ‍ॅप त्याचा काही सेकंदांचा व्हिडिओ करून देतं. पानं डोलतात, पाकळीवरचा थेंब ओघळतो. दिसायला ही केन बर्न्सची पुढची पायरी वाटते. माझं म्हणणं असं, की ही पुढची पायरी नाही, हा जिनाच वेगळा आहे.

आधी चौकटीबद्दल बोलू, कारण खोटेपणाचा पहिला आरोप तिच्यावरच होतो. बागेचे क्लोजअप काढणाऱ्याला तो नेहमी ऐकावा लागतो: “तुमच्या फोटोत सगळंच कसं सुंदर!” मॅक्रो लेन्सने फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या मापाएवढं घेतलं, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ लाही जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. बाकी सगळं विरघळतं. मागची पाण्याची टाकी, वाळत घातलेले टॉवेल, पिवळी पडलेली पानं, काही दिसत नाही. कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन शिक्षकाने १९२८मध्ये वनस्पतींच्या क्लोजअपचं प्रसिद्ध पुस्तक काढलं. तो नमुने छाटून, नीट करून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवायचा. त्यात नेचाचं गुंडाळलेलं कोवळं पान लोखंडी जाळीच्या नक्षीसारखं दिसतं.

हे खोटं आहे का? मला नाही वाटत. चौकटीला कडा असते आणि ती दिसते. कडेबाहेर काहीतरी आहे हे बघणाऱ्याला न सांगता कळतं. चौकट वगळते, पण वगळल्याचं लपवत नाही. स्लाइडशोत फोटोभोवती पांढरी किंवा लाकडी फ्रेम लावतात ना, ती मला म्हणूनच आवडते. ‘हा फोटो आहे, जग नाही’ एवढं ती सतत सांगत राहते.

चौकट सरकू लागली की थोडी जबरदस्ती सुरू होते. कुठे बघायचं आणि किती वेळ, हे बघणाऱ्याऐवजी मी ठरवतो. पण तीही नजरेपुरतीच. व्हिडिओ थांबवला की खाली तोच मूळ फोटो असतो.

आता डोलणाऱ्या पानाकडे या. पान डोललं म्हणजे वारा होता. त्या दिवशी, त्या वेळी, त्या गच्चीवर. अ‍ॅपला तो वारा माहीत नाही. असंख्य व्हिडिओंमधली पानं साधारण कशी हलतात यावरून त्याने हे पान हलवलं. चौकट जगातलं काही वगळते, सरकणारी चौकट आपली नजर वळवते, आणि हे बटण न घडलेली घटना घडली म्हणून सांगते. पहिल्या दोन गोष्टी बघण्याबद्दलच्या आहेत. तिसरी साक्ष आहे, आणि जो तिथे नव्हता त्याने दिलेली.

कुणी म्हणेल, टाइमलॅप्सही खोटंच की. पर्सी स्मिथ या ब्रिटिश निसर्गप्रेमीने १९१०मध्ये ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ हा छोटा चित्रपट केला. कळ्या काही सेकंदांत उमलतात. पण त्यातली प्रत्येक फ्रेम कॅमेऱ्यासमोर घडली होती. त्याने वेळ आवळली, घटना बनवली नाही. हा फरक धरून ठेवण्यासारखा आहे.

पानाच्या बाबतीत हे सगळं फाजील वाटू शकतं. एक पान खोटं डोललं तर कुणाचं काय जातं? मलाही कदाचित तसंच वाटलं असतं, पण आमच्या घरात प्रश्न पानावर थांबला नाही.

आजोबांनी सोसायटीच्या गच्चीवर रंगाचे रिकामे डबे आणि अर्धे कापलेले ड्रम यांत बाग केली होती. गोकर्ण, अबोली, जास्वंद, एक ब्रह्मकमळ. ते जाऊन दोन वर्षं झाली. आता इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून घरं रिकामी करायची होती. निघण्याआधी सगळे जमणार होते, त्यासाठी बागेचा स्लाइडशो करायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे सात-आठ वर्षांचे क्लोजअप होते. आजोबांचा बागेतला फोटो एकच, हातात झारी, मान खाली. आत्येभावाने तो अ‍ॅपमध्ये घातला. क्लिपमध्ये झारीतून पाणी पडतं, आजोबा मान वर करतात आणि आपल्याकडे बघून हसतात.

आजीने ती फोन अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिली. म्हणाली, “पाणी घालताना ते कुणाकडे बघायचे नाहीत.”

मग थोड्या वेळाने, “परत लाव रे.”

या दोन वाक्यांमध्ये मला अख्खा प्रश्न दिसतो. चूक तिला लगेच कळली. आणि तरी तिला ते पुन्हा बघायचं होतं. तिला ‘हे खोटं आहे, बघू नकोस’ म्हणणारा मी कोण? दोन वर्षांनी नवऱ्याने वर बघितलं, तर ते चार सेकंद तिचेच आहेत.

पण त्याच खोलीत आत्येभावाची चार वर्षांची मुलगी होती. तिला पणजोबा आठवत नाहीत, आठवणं शक्यही नाही. तिच्यासाठी ते या स्लाइडशोतूनच तयार होणार. आजीजवळ पडताळायला पन्नास वर्षांचा संसार आहे. त्या पोरीजवळ काहीच नाही. तीच क्लिप आजीसाठी दिलासा होती आणि तिच्यासाठी पुरावा. उद्या ती सांगेल, “पणजोबा झाडांना पाणी घालताना माझ्याकडे बघून हसायचे.” आणि तिला दुरुस्त करणारं तेव्हा कुणी उरलेलं नसेल.

मला यातून एक कसोटी मिळाली. प्रतिमा खरी की खोटी हे नुसत्या प्रतिमेवरून ठरवता येत नाही. बघणाऱ्याकडे ती ताडून बघायला दुसरं काही आहे का, हे आधी विचारावं. ज्याला आठवतं, त्याच्यासमोर कल्पनेला सूट असू शकते. ज्याला आठवणं शक्य नाही, त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी वाढते. त्याने आपल्यावर विश्वास ठेवायचं ठरवलेलं नाही, त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही.

‘माणसाची आठवण तरी कुठे अचूक असते?’ हा आक्षेप मी मित्रांकडून ऐकलाय. बरोबर आहे. आजीच्या आठवणीतले आजोबाही दोन वर्षांत जरा प्रेमळ झालेत. पण आठवण चुकते तेव्हा ती कुणाची तरी असते. तिच्याशी भांडता येतं, आत्या म्हणू शकते, “काहीतरीच काय, बाबा केवढे चिडायचे डबा हलवला की!” अ‍ॅपने केलेल्या हसण्याशी कोण भांडणार? ते कुणाचंच नाही, आणि दिसतं मात्र डोळ्यांनी पाहिल्यासारखं.

ही कसोटी क्लोजअपलाही लागते, आणि तिथे ती माझ्या आवडीच्या विरोधात जाते. नुसती फुलं दाखवली तर त्या मुलीला वाटेल, पणजोबांची बाग म्हणजे पाकळ्या आणि दवबिंदू. चार मजले बादल्या वर नेणं, जास्वंदीवरची पांढरी कीड, गळती लागली म्हणून खालच्या मजल्यावरच्यांशी झालेली भांडणं, हे एक मिलिमीटरमध्ये मावत नाही. म्हणून दर पाच-सहा क्लोजअपनंतर गच्चीचा एक लांबून घेतलेला फोटो टाकला, टाकी आणि टॉवेलांसकट. चौकटीला कडा आहे हे दाखवायला कधीकधी कडेबाहेरचंही दाखवावं लागतं.

आजोबांचा फोटो स्लाइडशोत बारा सेकंद ठेवला. झूम नाही, पॅन नाही. मान खाली, झारी हातात. ती क्लिप आजीच्या फोनवर आहे. तिच्या सांगण्यावरून फाइलला नाव दिलंय ‘हे खरं नाही’. फॅमिली ग्रुपवर ती टाकलेली नाही.

तुमच्याही फोनमध्ये असे फोटो असतील, आणि कधीतरी ते बटण दाबावंसं वाटेल. दाबू नका असं मी म्हणणार नाही. फक्त त्या फाइलचं पुढे काय होतं ते लक्षात असू द्या. फॉरवर्ड होताना नाव गळून पडतं, सांगणारी माणसं एकेक करून कमी होतात, आणि वीस वर्षांनी कुणाच्या तरी हातात फक्त चार सेकंद उरतात. ते ज्याच्या हातात असतील, त्याला वारा कुठून आला हे विचारायला कुणी सापडणार नाही. त्यामुळे वारा नव्हता हे सांगायचं काम आज आपलंच आहे.