उजवीकडची खुर्ची

ओळखीतल्या एका चव्वेचाळीस वर्षांच्या संगणक अभियंत्याने वैमानिक व्हायचं ठरवलं आहे. हौसेपुरतं नाही, चांगली एअरलाइनमध्ये नोकरी करायची म्हणतो. बातमी सोसायटीत फिरली तेव्हा ‘या वयात?’ हा प्रश्न येणारच होता, आणि तो आला. त्याचं मला काही वाटलं नाही. खटकला तो दुसराच प्रश्न. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ते ठीक आहे हो, पण कॅप्टन कधी होणार?’’

या वाटेवरचे खाचखळगे आता बहुतेकांना ऐकून माहीत असतात. डीजीसीएच्या परीक्षा, क्लास वन मेडिकल, बारामती, धुळे किंवा गोंदियाच्या धावपट्टीवरून भरायचे २०० तास, नंतर एअरबस ३२० सारख्या एखाद्या विमानाचं टाइप रेटिंग. ५० लाखांपासून कोटीपर्यंत खर्च, आणि एवढं करून हातात पडतो तो परवाना. नोकरी वेगळी शोधायची. कंपन्यांच्या कॅडेट योजनांची दारं पस्तिशीच्या आसपास बंद होऊ लागतात. हे सगळं त्या अभियंत्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, म्हणून ते इथेच सोडतो.

मला बोलायचं आहे ते वय आणि ज्येष्ठता यांच्याबद्दल. आपल्याकडे या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात. वयाने मोठा तो मानाने मोठा. पंगतीत, बैठकीत, सरकारी कचेरीतही. एअरलाइनमध्ये मात्र त्यांची फारकत होते. वय जन्मापासून मोजतात, ज्येष्ठता कंपनीत रुजू झाल्या दिवसापासून. कोणता बेस मिळणार, दिवाळीत सुट्टी कुणाला, मोठ्या विमानावर आधी कोण जाणार, अशा कितीतरी गोष्टी जगभरच्या विमान कंपन्यांत ज्येष्ठतेच्या यादीवर ठरतात. त्यामुळे अठ्ठेचाळीस वर्षांचा नवखा फर्स्ट ऑफिसर उजवीकडे बसतो आणि डावीकडच्या खुर्चीत तिशीतली कॅप्टन असते. तो तिला ‘मॅम’ म्हणतो. घरी त्याची पुतणी तिच्याच वयाची असते.

आमच्या स्नेह्यांनी आकडेमोडही केली होती. शिकण्यात दोन वर्षं, टाइप रेटिंग आणि नोकरीची वाट पाहण्यात आणखी एखाद-दोन. म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला सुरुवात. पासष्टाव्या वर्षी प्रवासी विमानातून उतरावंच लागतं. उरली सतरा-अठरा वर्षं, आणि त्यातही कंपनी टिकेल याची हमी नाही: किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज २०१९ मध्ये. ‘‘एवढ्या पैशाचं व्याजच धरा,’’ ते म्हणाले. हिशेबात मला चूक सापडली नाही. ‘वय हा फक्त आकडा आहे’ असं म्हणणाऱ्या उत्साही मंडळींपेक्षा हे गृहस्थ कितीतरी प्रामाणिक. या धंद्यात वय हा आकडाच आहे, पण भिंतीवर लिहिलेला.

ही भिंत उभी कशी राहिली, हेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत १९६० साली वैमानिकांना साठीला थांबवणारा नियम लागू झाला. कारण सुरक्षिततेचं दिलं गेलं. पण त्याआधी अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी विमान वाहतूक प्रशासनाचे प्रमुख एलवुड क्वेसाडा यांना पत्र लिहून तसा नियम करण्याचं सुचवलं होतं. जेट विमानं नुकतीच येत होती आणि वयस्क, महागडे वैमानिक कंपनीला जड होत होते. पुढे क्वेसाडा त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मर्यादा पासष्ट झाली, २००७ मध्ये अमेरिकेनेही ती स्वीकारली. म्हणजे ही भिंत सरकवता येते. तरी एकट्या माणसाने डोकं आपटून ती सरकत नाही, हेही खरं.

आता त्या प्रश्नाकडे. ‘कॅप्टन कधी होणार?’ यात एक गृहीत लपलेलं आहे: उजवी खुर्ची म्हणजे प्रतीक्षालय. हे मला मुळीच मान्य नाही. आजच्या विमानात प्रत्येक उड्डाणाला एक जण विमान चालवतो आणि दुसरा लक्ष ठेवतो, रेडिओवर बोलतो, चेकलिस्ट वाचतो. पुढच्या उड्डाणाला बहुधा ही कामं आलटून पालटून होतात. अंतिम जबाबदारी कॅप्टनची, पण काम दोघांचं. १५ जानेवारी २००९ रोजी न्यू यॉर्कच्या हडसन नदीत उतरलेल्या विमानाचे कॅप्टन सलनबर्गर जगाला माहीत झाले. त्या दिवशी धावपट्टीवरून विमान उचललं होतं एकोणपन्नास वर्षांच्या फर्स्ट ऑफिसर जेफ्री स्काइल्स यांनी. एकूण उड्डाणाचा अनुभव १५,६४३ तासांचा, पण एअरबस ३२० वर फक्त ३७ तास. पक्षी इंजिनांत शिरले, कॅप्टननी विमान हाती घेतलं आणि स्काइल्स इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या चेकलिस्टला भिडले. त्यांचं प्रशिक्षण ताजं होतं, ते काम त्यांनीच करणं योग्य होतं. १५५ जण वाचले. या माणसाला कुणी ‘अजून उजवीकडेच?’ असं विचारेल का?

इथवर मी त्या अभियंत्याची वकिली करत होतो, आणि ती करता करताच मला जे. आर. डी. टाटा आडवे आले. १९२९ साली भारतातला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. १९३२ मध्ये ते कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले आणि १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तेच उड्डाण त्यांनी पुन्हा केलं. अठ्ठ्याहत्तराव्या! कुठल्याही विमान कंपनीने त्या वयाच्या वैमानिकाला कॉकपिटमध्ये बसू दिलं नसतं. म्हणजे ज्याला उडायचंच आहे त्याला पासष्टीची भिंत आड येत नाही. खाजगी परवाना काढावा, फ्लाइंग क्लबात जावं, तब्येत साथ देईल तोवर आभाळात फिरावं. बालपणीच्या स्वप्नासाठी कोटभर रुपये आणि घरच्यांची झोप घालवण्याची गरज नाही. स्वप्नाच्या बाजूने युक्तिवाद करायला निघालो आणि स्वप्न स्वस्तात भागतं या निष्कर्षाला पोचलो.

मग एअरलाइनसाठी काय कारण उरतं? नोकरी, एवढंच. पहाटे तीनला दारात उभी राहणारी गाडी, एका दिवसात नागपूर, पुणे, पुन्हा नागपूर, सिम्युलेटरमध्ये वारंवार द्यायची परीक्षा, वयाबरोबर दाट होत जाणाऱ्या वैद्यकीय तपासण्या. आणि वयाने लहान असलेल्या वरिष्ठाशी नीट वागणं. हे शेवटचं दिसतं तितकं सोपं नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफला दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली. धडकेच्या काही क्षण आधी त्यांतल्या केएलएम कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की पुढचं विमान धावपट्टीवरून हटलं आहे ना. कॅप्टनने ठामपणे हटल्याचं सांगितलं आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. तेव्हापासून कनिष्ठाने बोलायचं कसं आणि वरिष्ठाने ऐकायचं कसं, हे या धंद्यात शिकवलं जातं. मध्यमवयीन नवख्याला यात दुहेरी धोका: एक तर जुनं साहेबपण उफाळून येतं, नाहीतर ते दाबण्याच्या नादात तो गप्प बसतो.

स्नेह्यांना हे सांगताना मला त्यांचीच गोष्ट आठवली. बँकेत बढती म्हणजे बदली. मुलांच्या शाळा आणि आईचं आजारपण म्हणून त्यांनी बढती नाकारली आणि पुण्यातच, त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. कर्जाची प्रकरणं इतकी बारकाईने तपासत की मॅनेजर त्यांच्याशिवाय सही करत नसत. ‘‘तुम्ही मॅनेजर कधी झालात?’’ मी विचारलं. ते हसले, पण ऐकणारे नव्हते. ‘‘माझ्या डोक्यावर कोटीचं कर्ज नव्हतं,’’ म्हणाले.

तेही बरोबरच. म्हणून माझं म्हणणं मी आता बरंच आवरतं घेतो. कंपन्या वाढत असल्या आणि १५०० तासांनंतरचा एटीपीएल परवाना हाती आला तर पन्नाशीनंतरही डावी खुर्ची मिळू शकते. मात्र तिच्या भरवशावर कर्ज काढू नये. चव्वेचाळीसाव्या वर्षी निघणाऱ्याने एकच गोष्ट स्वतःला विचारावी: कॅप्टन कधीच झालो नाही तरी ही नोकरी मला हवी आहे का? उत्तर ‘हो’ असेल आणि कर्जाचा हप्ता फर्स्ट ऑफिसरच्या पगारात बसत असेल, तर जावं. नसेल, तर आमच्या बँकवाल्यांचं ऐकावं आणि रविवारी फ्लाइंग क्लब गाठावा. त्यात कमीपणा काहीच नाही.