चढावर सुटणारा दम

मिस्त्रीच्या कामात सर्वांत अवघड तक्रार एकच: गाडी मध्येच दम सोडते, पण गॅरेजला आणली की सोडत नाही. कायमचं बिघडलेलं असेल तर हात आपोआप तिथे जातो. अधूनमधून बिघडणाऱ्या गाडीत आधी मालकाच्या बोलण्यावर विश्वास टाकावा लागतो, आणि त्यानेही माझ्यावर टाकावा लागतो. अशा गाड्यांवर काम करताना माझी जी परीक्षा होते, तिच्याबद्दल मला स्वतःशी नीट बोलायचं आहे.

मुरुडला अशा गाड्या बहुतेक मासळीच्या. एकदरा, राजपुरीचा माल बर्फात भरायचा आणि रात्रीच निघायचं; कुणी काशीद-रेवदंड्यावरून अलिबागकडे, कुणी केळघर घाट चढून रोह्याकडे. बाजार उलगडल्यावर पोचलं की त्याच पापलेटाचा भाव पडतो. खाऱ्या हवेने कपलरच्या पिनांवर हिरवा थर चढतो. क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी चासीवर ठिबकून अर्थिंगचे नट खातं. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजला क्लिपखाली चीर पडते; गाडी उभी असताना ती मिटलेली असते, चढावर बूस्ट वाढला की उघडते. टाकीची हवेची वाट तुंबली तर काही मैल गेल्यावर डिझेल ओढेनासं होतं, आणि थोडं थांबलं की गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालते. म्हणून मी स्वस्तातलं आधी बघतो: डिझेल फिल्टर, पाइपातली हवा, होज, वायरी. टर्बो आणि पंपाला हात शेवटी.

ज्या पिकअपमुळे हे सगळं मनात आलं, तिला स्कॅनर लावला तेव्हा रेल प्रेशरचा कोड साठलेला दिसला. आजच्या डिझेल इंजिनात पंप 'रेल' नावाच्या नळीत डिझेल दाबून ठेवतो. उभ्या गाडीत हा दाब तीनशे बारच्या आसपास असतो, पूर्ण जोरात सोळाशेच्या घरात जातो. म्हणजे गॅरेजच्या दारात ही गाडी निर्दोष दिसणारच. माल भरून, स्कॅनर लावून मालकाबरोबर केळघरला गेलो. अर्ध्या चढावर स्क्रीनवरचा आकडा ठीक होता, धूर मात्र त्या आकड्याला शोभत नव्हता. पुढच्या वळणावर दाब एकदम कोसळला. चावी बंद करून पुन्हा सुरू केली, गाडी चालू लागली.

उतरून सेन्सरची वायर हाताने चाचपत गेलो. टेपखाली एक छोटा बॉक्स निघाला. असा बॉक्स सेन्सरची खूण कमी करून कॉम्प्युटरला दाखवतो. त्याला वाटतं दाब कमी आहे, तो वाढवतो, जास्त डिझेल जातं, जोर येतो. चढावर खरा दाब हद्द ओलांडतो, तेव्हा रेलवरचा सेफ्टी वॉल्व्ह उघडतो, दाब कोसळतो आणि इंजिन वाचतं. मालक ज्याला बिघाड म्हणत होता, ते गाडीचं स्वतःला सांभाळणं होतं.

तो म्हणाला, "मिस्त्री, तो वॉल्व्हच बंद करून टाका ना." असं करून देणारे आहेत. मी नाही म्हटलं. घरी आल्यावर मात्र त्या नकाराची कारणं एकेक करून तपासली. एवढ्या दाबाने डिझेल कुठून फुटलं तर त्याची धार कातडीत शिरते, तापलेल्या टर्बोवर पडलं तर आग लागते. हे कारण पक्कं आहे. कायदाही आहे: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा दर बदलामागे मालकाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कायदा आठवला नव्हता. मला माझे हात स्वच्छ ठेवायचे होते.

इथे मन अडतं. कुणीतरी फेरफार केलेल्या, काळा धूर सोडत बाजारपेठेतून जाणाऱ्या गाड्या माझ्याकडे ऑइल बदलायला येतात. त्यांना मी काही म्हणत नाही, कारण तो बदल मी केलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं. तो धूर रस्त्याकडेला मासळी विकणाऱ्या बाईच्या छातीत जातो, आणि ती गाडी कोणत्या मिस्त्रीने बिघडवली याने तिला फरक पडत नाही. वॉल्व्ह बंद करायला नकार देणं सोपं होतं, कारण त्यात स्फोटाची भीती होती. धुराची भीती मला तेवढी का वाटत नाही?

दुसरी बाजूही मला दिसते. "माल कमी भरा" हे सांगायला माझं काही जात नाही. गाडीचा हप्ता त्याला भरायचा असतो. म्हणून बॉक्स काढून मी थांबलो नाही. मूळ ताकद कुठे गेली ते शोधलं. दोन इंजेक्टर परतीच्या नळीतून जास्त डिझेल सोडत होते, इंटरकूलरचा होज तेलाने मऊ पडला होता, टर्बोच्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी चिरलेली होती. नवी असताना ही गाडी केळघर चढतच होती. झिजेने गेलेला दम त्याने बॉक्स लावून विकत आणला होता. माझ्या धंद्यातल्या बऱ्याच 'पॉवर वाढवलेल्या' गाड्यांची गोष्ट अशीच असावी असं मला आता वाटतं, आणि मग जबाबदारी आम्हा मिस्त्रींकडेही येते: जुनी ताकद परत मिळते हे आम्ही किती जणांना, कधी सांगितलं?

बिलात मी घाटातल्या चकरेचे आणि शोधण्याच्या वेळेचे पैसे वेगळे लिहिले. नुसते पार्ट्स बदलून बघितले असते तर बिल मोठं झालं असतं आणि त्याने कमी घासाघीस केली असती. शोधण्याचे पैसे त्याला जड गेले, पण दिले.

बॉक्स त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. तो मागून घेण्याचा हक्क मला नाही असं मी तेव्हा मानलं, आजही मानतो. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की माल वाढेल, ओझं वाढेल. त्याने तो पुन्हा लावला आणि गाडी पुन्हा माझ्याच दारात आली, तर मी ती हातात घ्यावी का, आणि घेतली तर कोणत्या अटीवर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.