पुन्हा लावलेली रोपे

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने हरिहरेश्वर-श्रीवर्धन परिसरातील सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचे रोप फळाला यायला 6-7 वर्षे लागतात. साठी ओलांडलेल्या बागायतदाराने पुन्हा आळे खणावे काय? निव्वळ मिळकतीचा हिशेब मांडला, तर उत्तर ‘नको’ असेच येईल. तरीही त्या पट्ट्यात रोपे पुन्हा लावली गेली.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या ‘लाबोरेम एक्झरसेन्स’ या परिपत्रकात शिकवले, की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे. कामाने वस्तू घडते, तसा करणाराही घडतो. म्हणून नोकरीच्या उंबरठ्यावरील तरुणाने, मध्यम वयात काम सुटलेल्याने आणि निवृत्तीकडे झुकलेल्यानेही स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या कामाने माणूस म्हणून आपण वाढतो का?

पगार गौण नव्हे. घर त्यावरच चालते; न्याय्य वेतन हा कामगाराचा हक्क आहे, हे ख्रिस्तसभा 1891 च्या ‘रेरूम नोव्हारूम’पासून सांगत आली आहे. परंतु मिळकत एका दिवसात वाहून जाऊ शकते. हाताला लागलेले वळण मात्र उरते. वाडी गेली तरी आळे खणणाऱ्यापाशी तेच शिल्लक होते. तेव्हा आपल्या मुलांना ‘किती मिळते?’ असे विचारण्याआधी ‘काय शिकलास?’ असे आपण विचारू या.